इंजिनांवर बसलेले साडू

आखातात, देऱ्यातल्या आमच्या ऑफिसात ती दोन चित्रं भिंतीवर मीच लावून घेतली. बसवाहतुकीची कंपनी आमची. सकाळी कामगारांना साइटवर न्यायचं, मुलांना शाळेत सोडायचं. मालक दोघं, एकमेकांचे साडू. धाकट्यांना जुन्या वस्तूंची हौस. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात रेल्वेचे मोठमोठे मालक एकमेकांवर कुरघोडी करायचे आणि तिथली साप्ताहिकं त्यांची टिंगल करणारी रंगीत चित्रं छापायची, त्यातली ही दोन त्यांनी ऑनलाइन लिलावात घेतली होती.

एका चित्रात दोन ढेरपोटे शेठ रेल्वेचा रूळ दोरीसारखा धरून रस्सीखेच करत होते. दुसऱ्यात दोघं आपापल्या इंजिनावर घोड्यावर बसावं तसे बसून एकाच रुळावरून समोरासमोर येत होते. मागच्या डब्यांच्या खिडक्यांत इवलेइवले प्रवासी, तोंडं वासलेले. थोरल्यांनी ते बघून धाकट्यांच्या पाठीवर थाप मारली होती. "हा टोपीवाला तुमच्यासारखा दिसतो," म्हणाले. दोघं पोट धरून हसले.

पुढे त्यांचं बिनसलं. थोरल्यांना शाळांचं काम वाढवायचं होतं, धाकट्यांना साइटचं. बोलणं बंद झालं. एकाच मजल्यावर बसायचे आणि निरोप माझ्याकरवी पाठवायचे. मी ऑफिसचं ॲडमिन बघत होते, व्हिसाची कागदपत्रंही माझ्याकडेच.

खरे हाल झाले ते भाऊंचे. भाऊ चिपळूणकडचे, पन्नाशीला आलेले. कुठल्या ड्रायव्हरने कुठली बस कुठे न्यायची ते ठरवायचं त्यांचं काम. त्यांना दोन्हीकडून हुकूम यायचे. थोरले सांगायचे, ही बस शाळेला. धाकटे सांगायचे, तीच बस साइटला. कुणाचंही ऐकलं तरी दुसऱ्याच्या शिव्या ठरलेल्या. एकदा साइटची बस गेलीच नाही आणि उन्हात उभा राहून एक कामगार चक्कर येऊन पडला. त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत.

त्यानंतरच्या आठवड्यात त्यांनी इंजिनांच्या चित्राचा फोटो काढला. एका शेठवर लिहिलं 'थोरली पाती', दुसऱ्यावर 'धाकटी पाती' आणि खिडकीतल्या प्रवाशांवर 'आपण'. ड्रायव्हरांच्या ग्रुपवर टाकला. दुपारपर्यंत सगळी कंपनी हसत होती. मीही हसले. घरी, अल बर्शाला, लेकीला दाखवला तर ती म्हणाली, "आई, इट्स जस्ट अ मीम."

दुसऱ्या दिवशी तो फोटो थोरल्यांच्या फोनवर पोचला होता. त्यांनी मला बोलावलं. "कॅन्सल करा त्याचा व्हिसा. खलास." इथे व्हिसा कंपनीचा; तो गेला की नोकरी गेली आणि देशही सोडायचा.

धाकट्यांनाही तसाच निरोप गेला आणि त्यांनी लगेच मान डोलावली. कित्येक महिन्यांत त्या दोघांचं एकमत झालं ते एवढ्याच गोष्टीवर.

मी दोन दिवस थांबले. राग निवेल असं वाटत होतं, आणि तो निवलाही. थोरल्यांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "साहेब, माणूस जुना आहे. मुलीचं कॉलेज चालू आहे. चूक झाली त्यांची, माफी मागतायत."

"माझ्या मनात काही नाही हो आता," ते म्हणाले. "पण मी मागे घेतलं तर तिकडून बोलणं येईल की मीच त्याला हे करायला लावलं. त्यांना आधी म्हणू दे."

मी धाकट्यांकडे गेले. त्यांनी फोन बाजूला ठेवला. "खरं सांगू, मला तर हसूच आलं होतं. पण काढायचं पहिलं बोलले कोण? ते. मग परत घेतो असंही त्यांनीच म्हणावं. मी का वाकायचं?"

पुन्हा थोरल्यांकडे. पुन्हा धाकट्यांकडे. दोघंही माझ्याशी गोड बोलायचे, चहा मागवायचे. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून थोरल्या वहिनींना फोन केला. त्या म्हणाल्या, "आम्ही दोघी त्यांच्यामध्ये पडत नाही. पडलो की आमचंच वाजतं." भाऊंच्या नोटिशीची मुदत संपत आली तसा दोघांकडूनही एकच निरोप आला, व्हिसा रद्द करायचा कागद का अडकलाय म्हणून. शेवटी तो मीच पुढे पाठवला. दुसरं कुणी नव्हतंच.

निघायच्या आदल्या दिवशी मी भाऊंच्या खोलीवर गेले. देऱ्यातच, सहाजणांची खोली. ते आपला कुकर खालच्या पलंगावरच्या माणसाला देत होते, शिटी कशी बसवायची ते दाखवत.

"मॅडम, तुम्ही उगाच आलात," ते म्हणाले. "तुमची धावपळ मला कळलीय."

"दुसरीकडे काही बघितलंत का?"

"विचारलं. कुठून सुटलात, का सुटलात, एवढं विचारतात आणि मग फोन करतो म्हणतात." त्यांनी कुकरचं झाकण पुसलं. "मला वाईट कशाचं वाटतं सांगू? ते चित्र बघून पूर्वी ते दोघं मोकळेपणानं हसले होते. मला वाटलं, आताही हसतील. हसले की बोलतील."

मी खजुरांचा डबा दिला आणि जिना उतरले.

वर्षभराने वहिनींच्या तिसऱ्या बहिणीच्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा दोन्ही साडू एका पंगतीत जेवले. आग्रह करकरून एकमेकांना वाढत होते. ऑफिसमधल्या आम्हा चौघांनाही आमंत्रण होतं. हात धुताना धाकटे माझ्या शेजारी आले.

"आपले ते भाऊ," ते म्हणाले, "ड्यूटी काय सुंदर लावायचे. आता असं कुणाला जमत नाही. कुठे असतात हल्ली?"

"गावी," मी म्हटलं.

"अरेरे," ते म्हणाले, आणि टॉवेल शोधायला लागले.