बाटली खोकत नाही

चिंचवड गावात मनमोकळे खोकण्याची सोय उरली नव्हती, आणि त्याला जबाबदार एकच माणूस होता : आमच्या दवाखान्यातले कंपाउंडर. इतर लोक भेटल्यावर नमस्कार करतात. हे गृहस्थ मान तिरकी करून विचारीत, "किती दिवस?" ज्याला ठसका लागला असेल त्याने दिवस सांगायचे, आणि ते पंधराच्या वर गेले की कंपाउंडर त्याचा दंड धरीत, मग तो स्टेशनवर गाडी गाठायला निघालेला असो की भाचीच्या लग्नात अंतरपाट धरून उभा असो. देवळात कीर्तन चालू असताना त्यांनी मागे वळून पाहिले की निम्म्या बायका तोंडात पदर कोंबीत. एकदा तर कीर्तनकारबुवांनाच ढास लागली. बुवांनी ती अशी काही गिळली की पुढचा अभंग भलत्याच पट्टीत गेला, आणि आरतीचे तबक फिरायच्या आत कंपाउंडर बुवांच्या पुढ्यात जाऊन बसले होते.

बुटकी मूर्ती, कानावर पेन्सिल, बोटांना ज्येष्ठमधाचा वास. त्यांचे काम खोकल्याचे औषध बाटलीत भरायचे आणि डोसाच्या खुणांची कातरलेली कागदी पट्टी बाटलीवर चिकटवायची, एवढेच. पण आमच्याकडे रीत अशी होती की औषधाला माणूस जात नसे, बाटली जात असे. माणूस शेतावर, नाहीतर पिंपरीकडे नव्याने उभ्या राहणाऱ्या कारखान्यात पाळीवर. घरातले कोणीतरी रिकामी बाटली विसळून नेई, "तेच द्या" म्हणे, आणि महिनोन् महिने तेच मिळत राही. कंपाउंडरांनी ही रीत मोडली. दोन बाटल्या कोणीही न्याव्यात. तिसरीला खोकणाऱ्याने स्वतः यावे, आणि औषधाऐवजी पुण्याला छातीचा फोटो काढण्याची चिठ्ठी न्यावी. गिऱ्हाईक तुटायला लागल्यावर डॉक्टर चिडले. दवाखाना तुमचा की माझा, असे त्यांनी विचारले. कंपाउंडर म्हणाले, "दवाखाना तुमचाच. बाटल्या माझ्या." चिठ्ठीवर सही मात्र डॉक्टरांनाच करावी लागे. ते कुरकुरत करीत.

तळवड्याची एक सून तिसऱ्यांदा बाटली घेऊन आली तेव्हा मी तिथेच होतो. ती म्हणाली, "मामांजी मळ्यात हायेत. औषध तेवढं द्या."

"बाटली खोकत नाही, बाई. मामांजींना आणा."

मामांजी बैलगाडीतून आले ते भांडायलाच. पुण्याला जाऊन फोटो काढला, छाती स्वच्छ निघाली. तेव्हापासून त्यांनी फोटोची ती काळी फिल्म घराच्या खिडकीत टांगून ठेवली, आणि कंपाउंडर त्या वाटेने दिसले की ओरडून सांगत, "फोटू काढाया लावलात, आता चौकट बी तुमीच करून द्या." कंपाउंडरांना याचा कोण आनंद. स्वच्छ छातीच्या शिव्या त्यांना पेढ्यासारख्या लागत.

अशा माणसाला मी फसवत होतो.

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, आमच्याच घरात राहून पिंपरीच्या कारखान्यात जाई. त्याला चार महिने खोकला होता आणि शर्ट खांद्यावर लोंबू लागला होता. फोटो काढायला तो तयार नव्हता. फोटोत क्षय निघाला तर नोकरी जाईल आणि मुलीचे ठरलेले लग्न मोडेल, असे त्याने धरले होते. म्हणून पहिल्या दोन बाटल्या मी माझ्या नावावर आणल्या, पुढच्या दोन बायकोच्या. पाचव्या वेळी, मला पुन्हा नवाच खोकला झाला असे सांगून, खिडकीशी उभा राहून मी खोकलो. मी शाळामास्तर; नाटकात काम कधी केले नव्हते. कंपाउंडरांनी पेन्सिल कानावरून काढून खाली ठेवली.

"मास्तर, हा खोकला तुमचा नाही. कोणाचा आणलात?"

मी रिकामी बाटली पुढे सरकवली. मग त्यांनी, माझ्याकडे न बघता, एका माणसाची हकिगत सांगितली. त्याला त्यांनी कधी पाहिले नव्हते. त्याच्यासाठी त्यांनी अकरा बाटल्या भरल्या होत्या. बाराव्या वेळी त्याची बायको बाटली परत करायला आली. एवढे सांगून त्यांनी टोपी घातली आणि ते माझ्या आधी आमच्या घरी पोहोचले.

दादा भिंतीकडे तोंड करून बसला होता. फोटोत काही निघालं तर, असे त्याने विचारले. कंपाउंडर त्याच्या शेजारी जमिनीवर बसले. "निघायचं ते आत आहेच, दादा. आपल्याला कळायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने आम्ही तिघे पुण्याला गेलो. फोटो झाला. तिथल्या कारकुनाने सांगितले की आठ दिवसांनी पत्र येईल. कंपाउंडर बाकावर मांडी घालून बसले, भाकरीची पुरचुंडी सोडली आणि म्हणाले, "मग आठ दिवसांनी उठतो." कारकून आधी हसला, मग रागावला, मग त्याने भाकरीचा तुकडा घेतला. दुपारी मोठे डॉक्टर ओली फिल्म हातात धरून स्वतः बाहेर आले. क्षय नव्हता. गाठ दिसत होती, आणि बहुधा कॅन्सरची. मुंबईला ताबडतोब जायला हवे होते. कंपाउंडरांनी विचारले, "आज कोणती गाडी आहे?"

मुंबईला दादाचे एक फुप्फुस काढले. आणखी थांबला असतात तर मी हात लावला नसता, असे सर्जन मला म्हणाले. ते चार महिने माझ्या पिशवीतून गेले होते, हे मी त्यांना सांगितले नाही. मुलीचे लग्न ठरल्या तिथीला झाले. कन्यादान दादाने स्वतः केले, मधे मधे दम खात.

कंपाउंडर गेल्या माघात गेले. हृदयाने दगा दिला. छाती शेवटपर्यंत खणखणीत होती. त्यांना मूलबाळ नव्हते. पवनेच्या घाटाकडे निघताना दादाने पुढचा खांदा धरला. लोकांनी समजावले, मी समजावले, तळवड्याच्या मामांजींनी तर हात धरून मागे ओढले. त्याने कोणाचे ऐकले नाही. वाटेत धाप लागून तो तीनदा थांबला. तिरडी थांबली, सगळे गाव थांबले, पण खांदा त्याने बदलू दिला नाही. घाटावर पोहोचल्यावर तो पायरीवर बसला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याचा श्वास हळूहळू जागेवर येताना ऐकत राहिलो.