आंब्यांची टोपली

बारावीनंतरच्या उन्हाळ्यात मी कायद्याच्या पाच वर्षांच्या कोर्सच्या प्रवेश परीक्षेला बसणार होते. गणित आणि सामान्यज्ञान कसंबसं जमत होतं. घोडं अडलं होतं इंग्रजीवर. समानार्थी, विरुद्धार्थी, वाक्यातली चूक ओळखा. इंग्रजी मी बोलायचे फाडफाड, पण अमुक ठिकाणी 'इज' का आणि 'आर' का, हे विचारलं की माझी बोलती बंद.

आम्ही दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक तमिळ बाई होत्या, शाळेत इंग्रजी शिकवायच्या. सगळा ब्लॉक त्यांना मामी म्हणायचा. त्यांनी मला शब्दांचं एक जाडजूड पुस्तक दिलं आणि आईला हिंदीत बजावलं, "रोज पूछना इसको. छोड़ना मत."

आई पुण्याची, संस्कृत घेऊन बी.ए. झालेली. लग्न होऊन दिल्लीला आली आणि घरातच राहिली. इंग्रजी बोलायला घाबरायची, वाचायला मात्र नाही. दुपारी कूलरसमोर चटई टाकून ती पुस्तक उघडायची.

"ऑब्स्टिनेट?"

"माहीत नाही."

"हेकट."

"हेकट म्हणजे?"

आईने कपाळाला हात लावला. "अगं, मराठी तरी येतं का तुला? हेकट म्हणजे हटवादी."

"अच्छा, जिद्दी! मग तसं सांग ना."

असं प्रत्येक शब्दाचं व्हायचं. इंग्रजीतून मराठीत यायचं, तिथे अडायचं, मग हिंदीचा हात धरून पलीकडे जायचं. एकदा तिने 'लॅकॉनिक'चा अर्थ सांगितला, मितभाषी. मला वाटलं, हे सोपंय. म्हटलं, "म्हणजे फक्त मित्रांशी बोलणारा."

आई इतकी हसली की पुस्तक हातातून गळून पडलं. संध्याकाळी बाबा आल्यावर चहा द्यायच्या आधी तिने त्यांना ते सांगितलं. त्या उन्हाळ्यात मी इंग्रजी किती शिकले कोण जाणे, पण वाचाळ, चिवट, कद्रू, भिडस्त असे खूप मराठी शब्द मला पहिल्यांदाच भेटले. भिडस्त तर इतका आवडला की मी दिसेल त्याला भिडस्त म्हणत सुटले.

व्याकरणाचं कोडं सुटलं ते मात्र अचानक. 'द बास्केट ऑफ मँगोज' आणि पुढे गाळलेली जागा. हॅज की हॅव? मी ठोकून दिलं, "हॅव. आंबे खूप आहेत ना."

आई म्हणाली, "मराठीत सांग. आंब्यांची टोपली पडली, की आंब्यांची टोपली पडले?"

"पडली. ऑफ कोर्स पडली."

"का?"

"कारण टोपली... अरे यार!"

"हं. कर्ता टोपली. आंबे नुसते आत बसलेत. आधी कर्ता शोध, मग क्रियापदाकडे जा."

मग मी धडाधड वाक्यं सोडवत गेले. एकही अडलं नाही. मी आईला मिठीच मारली. मामी खिडकीतून ऐकत असणार, कारण त्या लगेच दारात आल्या. आईने काय समजावलं ते त्यांनी मला पुन्हा सांगायला लावलं आणि आईकडे वळून म्हणाल्या, "आप टीचर क्यों नहीं बनतीं? बी.एड. का भी एंट्रन्स होता है. उसमें भी यही सब आता है."

"इस उमर में?" आई म्हणाली.

"उमर का क्या? मेरी बी.एड. की क्लास में दो-दो बच्चों की माँ थीं."

आई पदराने चेहरा पुसत स्वयंपाकघरात गेली. मी तिच्या मागे गेले. ती गॅस न पेटवताच ओट्यापाशी उभी होती. "बाबांना विचारू या?" मी म्हटलं. तिने मान हलवली, पण ते हो होतं की नाही, मला कळलं नाही.

विचारलं शेवटी मीच, जेवताना. बाबांनी घास थांबवला. "अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?" ते आईला म्हणाले.

"तुम्ही विचारलंत कधी?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. मग म्हणाले, "फॉर्म मी आणतो."

तेव्हापासून चटईवर विद्यार्थी दोन झाले. बाबा संध्याकाळी आम्हा दोघींना शब्द विचारायचे, आणि आईचं उत्तर आधी आलं तर उघड उघड खूश व्हायचे. मी चिडून म्हणायचे, "पार्शल!" आई म्हणायची, "पक्षपाती."

तिची परीक्षा माझ्या आधी होती. केंद्राबाहेर कडुनिंबाखाली बाबा आणि मी थर्मासमधलं पन्हं घेऊन बसलो होतो. बाबांनीच ते जवळजवळ संपवलं. घंटा झाली, मुलामुलींचा लोंढा बाहेर आला, आणि त्यात निळ्या साडीतली आई, जवळजवळ पळत.

"कसा गेला?" बाबांनी विचारलं.

"वेळ उरला!" ती म्हणाली. "मी सगळं पुन्हा तपासलं, तरी वेळ उरला!" एवढ्या मोठ्या आवाजात तिला बाहेर बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

माझाही पेपर चांगला गेला. तिचा निकाल आधी लागला, माझा नंतर, दोघी पास. मामींनी घरचा म्हैसूरपाक आणला आणि सगळ्या ब्लॉकला वाटला.

जुलैत कॉलेजच्या पहिल्या दिवशी डबे बाबांनी भरले. उपमा चाखला तर थोडा खारट होता, तरी आम्ही दोघींनी डबे पिशवीत टाकले. आई आणि मी एकाच स्टॉपवर उभ्या राहिलो. बस आली ती गच्च भरलेली. मी म्हटलं, "पुढची घेऊ." पण आईने निऱ्या सावरल्या, दांडा पकडला आणि वर चढून मला हाक मारली, "अगं, चल ना! पहिल्याच दिवशी उशीर करायचाय का?"