हातखंब्याचा गप्प अलार्म

"त्या बाईला सोमवारपासून काढताहेत. आपल्यापुरता विषय संपला," समीर म्हणाला.

बाहेर गडगडत होतं. राउटरचा प्लग काढून मी मोबाइलच्या नेटवर मीटिंगला बसले होते. समीरचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता, आवाज मात्र स्वच्छ येत होता.

"तिनेच केलं हे कोणी ठरवलं?"

"लॉग सांगतोय."

"लॉगमध्ये काहीच नाही. दुपारभराचा लॉग कोरा आहे."

"तेच तर. कोरा आहे, कारण तिने पॉज दाबलं."

समीर माझा मॅनेजर. तो पुण्यात बसतो, मी रत्नागिरीत, माझ्या घरी. आमची कंपनी कोल्ड स्टोरेजसाठी तापमानावर नजर ठेवणारा प्रोग्राम बनवते. एक छोटी मशीन खोलीच्या बाहेर बसवलेली असते. ती तापमानाची सतत नोंद ठेवते, त्या नोंदींना लॉग म्हणतात; आणि तापमान वाढलं की ती भोंगा वाजवते. मासळी आणि आंब्याचा पल्प ठेवणाऱ्या एका क्लाएंटच्या कोकणातल्या स्टोरेजमध्ये या मशिनी आहेत. हातखंब्याला हायवेलगत त्यांचं एक स्टोरेज आहे. तिथे ऑक्टोबरातल्या एका दुपारी व्होल्टेज खाली-वर झालं आणि कॉम्प्रेसर बंद पडला. पत्र्यावर पाऊस वाजत असताना कॉम्प्रेसर थांबलेला कळत नाही. कळावं म्हणूनच अलार्म असतो. तो वाजलाच नाही. वाजला तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि सुरमईचे क्रेट नरम पडले होते.

स्क्रीनवर एक पॉज बटण आहे. खोली धुताना ते दाबायचं, म्हणजे भोंगा उगाच बोंबलत नाही. ते दाबलं की नोंदही थांबते. पण बटण दाबल्याची नोंद कुठेच होत नाही. हे डिझाइन कोणाचं ते मी सांगत नाही, तो माणूस आता व्हाइस प्रेसिडेंट आहे. सांगायचा मुद्दा असा, की लॉग कोरा दिसला आणि सगळ्यांनी बटणाकडे बोट दाखवलं. त्या दुपारी शिफ्टवर होती तिथली ऑपरेटर, रंजना कांबळे.

"मला त्या मशीनवर ट्रेसिंग करू दे," मी म्हटलं.

"पुन्हा तुझी ती लायब्ररी? त्यावर वेळ घालवायचा नाही असं आपलं ठरलंय."

"तुझं ठरलंय."

"स्मिता, जायचंच असेल तर लीव्ह टाक."

मी लीव्ह टाकली. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'हातखंबा'.

लायब्ररी म्हणजे काय ते सांगते. मशीनमध्ये सगळ्यांच्या मुळाशी एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. कुठल्याही प्रोग्रामला फाइल लिहायची असो की नेटवर काही पाठवायचं असो, कर्नललाच सांगावं लागतं. त्यामुळे कोण कशासाठी अडून बसलंय ते कर्नलला पक्कं ठाऊक असतं. ट्रेसिंग म्हणजे कर्नलच्या आत एक लहानसा पहारेकरी बसवायचा आणि त्याच्याकडून ही माहिती घ्यायची. मशीन बंद करावी लागत नाही, मूळ प्रोग्रामला हात लावावा लागत नाही.

अडचण अशी, की कर्नलच्या प्रत्येक आवृत्तीत माहितीची जागा बदलते. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात "तिसऱ्या फळीवरचा दुसरा डबा घे" असं कोणी सांगितलं तर आमटीत मिठाऐवजी साखर पडायची. म्हणून जुनी पद्धत अशी होती, की प्रत्येक मशीनवर जायचं आणि तिथल्या कर्नलप्रमाणे पहारेकरी तिथेच नव्याने कंपाइल करायचा, म्हणजे त्याचा कोड मशीनच्या भाषेत बदलायचा. आमच्या मशिनींचा जीव एवढासा. कंपायलर चढवला की त्या धापा टाकायच्या.

नवीन पद्धतीत पहारेकरी एकदाच कंपाइल करतात. "मिठाचा डबा हवा" एवढंच तो सोबत घेऊन जातो. नव्या कर्नलमध्ये स्वतःचा एक नकाशा असतो, कुठला डबा कुठे आहे त्याचा. लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रामना वापरता येणारा तयार कोड, तो नकाशा वाचते आणि पहारेकऱ्याला तिथल्या तिथे योग्य फळी दाखवते. अशा लायब्ऱ्या जगात आहेत, मी काही शोध लावला नाही. त्यातल्याच एकीवर आमच्या मशिनींसाठी मी वरचा थर बांधला होता. समीरच्या मते तो माझा छंद होता. रत्नागिरीत राहून कोणी कर्नलचं काम करतं हेच त्याला पटत नसे. त्याच्या लेखी माझं काम म्हणजे क्लाएंटच्या तक्रारींची तिकिटं बंद करणं.

हातखंब्याला स्टोरेजचे मॅनेजर सावंत भेटले. त्यांना मी आधीच फोन करून सगळं सांगितलं होतं. "चालवा काय ते," ते म्हणाले. "पण मशीन बंद पडली तर तुमच्या कंपनीची मी काशी करीन." मी म्हटलं, चालेल.

रंजनाताईंनी मात्र मला खुर्चीसुद्धा दिली नाही.

"तुमीच ना ते पुण्याचे कंपनीवाले?"

"कंपनी पुण्याची. मी इथलीच."

"मंग इथली असून माझ्या नावानं बोंब मारलीत होय? मी कशाला ते बटन दाबू? खोली धुवायची नसताना?" त्यांचा आवाज चढला. "मला काढलं तर काढू देत. पण म्हावरं नासवणारी बाई म्हणून काढलं तर ह्या हायवेवर मला परत कोण उभं करील काय?"

मी काही सांगायच्या आधीच त्या निघून गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. समीरचा आला.

मी पहारेकरी चढवला. लायब्ररीने तोंडावर नकार दिला: या कर्नलकडे नकाशा नाही. हातखंब्याची मशीन सगळ्यांत जुनी होती, नकाशांची पद्धत यायच्या आधीची. माझी सगळी हुशारी तिथेच जमिनीवर आली.

घरी येऊन मी त्या आवृत्तीची मूळ तपशीलवार फाइल मिळवली आणि तिच्यातून नकाशा तयार केला. तो अवाढव्य झाला. मग माझ्या पहारेकऱ्याला लागणारे तेवढेच डबे ठेवले, बाकी सगळं छाटून टाकलं. उरला तो मोबाइलमधल्या एका फोटोपेक्षा लहान. तो सोबत दिला, की नकाशा नसलेल्या मशीनवरही काम चालायला हवं.

दुसऱ्या दिवशी हातखंब्यात चाललं. क्लाएंटची मालगुंड आणि अलोरेची स्टोरेजही सावंतांकडेच होती; त्यांच्या परवानगीने तीच फाइल तिथल्या मशिनींवरही पाठवली. तीन ठिकाणी तीन वेगळे कर्नल आणि फाइल एकच, एका अक्षराचाही बदल नाही. मला त्या क्षणी समीरला फोन लावावासा वाटला. लावला नाही.

दुपारी डोंगराकडून आभाळ भरून आलं. पहिला गडगडाट झाला तशा रंजनाताई उठल्या, राउटरमधून मशीनला जाणारी वायर काढली, राउटरचा प्लगही काढला, वायर भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली आणि परत येऊन बसल्या. आमच्याकडे हे कोणी कोणाला शिकवत नाही. गडगडलं की टीव्ही, राउटर, सगळ्याचे प्लग निघतात. गेल्या वर्षी माझ्या आळीतले निम्मे राउटर एकाच दुपारी जळले होते.

"बरं केलंत," मी म्हटलं आणि स्क्रीनकडे वळले.

स्क्रीनवर ओळ आली. तापमानाचा प्रोग्राम अडला होता. पहारेकरी सांगत होता: फाइल लिहायला दिली आहे, लिहून झाल्याची वाट बघतोय. लगेच पुढची ओळ आली. अजून वाट बघतोय.

साध्या फाइलसाठी इतका वेळ? मी फाइलचा पत्ता पाहिला. फोल्डर पुण्यातल्या सर्व्हरवरचं होतं. इथल्याच डिस्कवर असल्यासारखं जोडून ठेवलेलं. मी स्क्रीनकडे पाहिलं, मग खिळ्यावरच्या वायरकडे.

"ताई, ती वायर परत लावा बघू."

"अवो, गडगडतंय."

"फक्त एकदा. जळला तर राउटर मी आणून देते."

त्यांनी वायर आणि प्लग दोन्ही लावले. राउटर जागा झाला, नेट आलं आणि प्रोग्राम धावू लागला. वायर काढायला सांगितली. काढली. प्रोग्राम पुन्हा अडला. एकाच रांगेत आधी नोंद लिहायची आणि मग तापमान तपासून भोंगा वाजवायचा, असं आमच्या लोकांनी लिहिलं होतं. नोंद अडली की भोंगाही अडला. पॉज बटणाला कोणी बोटही लावलं नव्हतं.

सावंतांनी मालगुंड आणि अलोरेला फोन लावले. तिथेही गडगडत होतं, तिथेही वायर काढली होती. आणि तिथल्या लोकांनी स्क्रीनवरचं वाचून दाखवलं: दोन्हीकडच्या पहारेकऱ्यांनी तीच ओळ लिहून ठेवली होती.

रंजनाताई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांचा चेहरा पडला. "त्या दिवशी पण गडगडलं तशी मीच काढली होती, संध्याकाळी परत लावली तवा भोंगा वाजला. म्हंजे माझ्यामुळंच झालं काय ते?"

"नाही. वायर काढली की गप्प बसणारा अलार्म ज्यांनी बनवला, त्यांच्यामुळे झालं."

हे मी आमच्याच कंपनीबद्दल क्लाएंटच्या मॅनेजरसमोर बोलले. बोलले ते बोलले.

समीरला कॉल केला तेव्हा तो आधी ऐकूनच घेईना. "आपला प्रोग्राम नेटशिवाय चालतो. टेस्ट केलंय."

"कुठे?"

"इथे ऑफिसमध्ये. इंटरनेट बंद करून."

"आणि तो फोल्डरचा सर्व्हर कुठे आहे?"

सर्व्हर त्यांच्याच मजल्यावर होता. इंटरनेट बंद केलं तरी ऑफिसच्या आतल्या वायरीवरून फोल्डर मिळतच होतं. मशीनची वायर हाताने उपटून बघावी हे पुण्यात कोणाच्या डोक्यात आलं नाही, कारण तिथे कोणी उपटत नाही.

"ठीक आहे," समीर म्हणाला. "रिपोर्टमध्ये लिहू, ऑपरेटरने नेटवर्क डिस्कनेक्ट केल्यामुळे अलार्म वाजला नाही. ते खोटं नाही."

"लिही. माझं नाव त्यावर असणार नाही. आणि माझा रिपोर्ट मी वेगळा पाठवीन."

"तू कोणाची बाजू घेते आहेस?"

"भोंग्याची. त्याने वाजायला हवं होतं."

"याचा परिणाम तुझ्या रिव्ह्यूवर होईल."

"होऊ दे. मशिनी क्लाएंटच्या, ट्रेस त्यांच्या परवानगीने घेतलाय आणि सावंत आत्ता माझ्या शेजारी बसलेत. तू स्पीकरवर आहेस."

सावंतांनी घसा खाकरला. एवढंच केलं त्यांनी, पण ते पुरलं.

सोमवारी रंजनाताई शिफ्टवर होत्या. प्रोग्राम बदलला. नोंद आता आधी तिथल्याच डिस्कवर होते आणि भोंगा कोणाचीही वाट बघत नाही. लायब्ररी प्रत्येक मशीनवर गेली. कंपनीच्या प्रेझेंटेशनमध्ये ती 'पुणे कोअर टीम'च्या नावावर आहे आणि माझा रिव्ह्यू समीरने म्हटल्याप्रमाणे वाईट आला. दोन्हींबद्दल मी लेखी हरकत घेतली आहे. उत्तर यायचं आहे. मी विसरणारी नाही.

या प्रकरणातून मी एवढंच शिकले: लॉग कोरा दिसला तर माणसाला धरण्याआधी मशीनला विचारावं, आणि विचारण्याचं साधन आपल्या हातात ठेवावं, कोणी त्याला छंद म्हटलं तरी.

महिन्याभराने पुण्याहून लॅमिनेट केलेली सूचना आली: 'नेटवर्कची वायर काढू नये.' रंजनाताईंनी ती राउटरशेजारच्या खिळ्याला अडकवली. गडगडायला लागलं की काढलेली वायर त्या तिच्यावरच टांगतात. अलार्म वाजतो.