सरकणारी रेघ
परवा नौपाड्यातल्या दवाखान्यात दंडावर स्पिरिटचा बोळा फिरला आणि त्या वासाने डोंबिवलीतल्या एका छोट्या कारखान्यातली दुपार आठवली. तिथे इंटरनेटच्या काचेच्या तारांची, म्हणजे फायबरची, टोकं स्पिरिटने पुसत. मी बातमीसाठी गेलो होतो. एकाच फायबरमधून अनेक रंगांचा प्रकाश धावतो. त्यातला हवा तो रंग निवडणारे फिल्टर तिथे बनत. फिल्टर कुठला रंग निवडणार ते ठरायचं उष्णतेवर, त्यामुळे माणूस नुसता जवळ आला तरी तपासणी यंत्राच्या पडद्यावरची, तो रंग दाखवणारी रेघ सरकायची. त्या दिवशी टेबलावरचा फिल्टर नुकत्याच वारलेल्या कारागिराने जोडलेला शेवटचा होता. रेघ स्थिर राहून पास झाला तर कुठल्यातरी इंटरनेटच्या लाइनवर बसणार, नाहीतर भंगारात. त्या कारागिराची बायको मुद्दाम बघायला आली होती. ती वाकली तशी रेघ सरकली. "वहिनी, भिंतीपाशी उभ्या राहा," सुपरवायझर म्हणाले, "तुम्हीच नापास कराल त्याला." ती हसून मागे गेली. आम्हीही गेलो. रेघ जागेवर आली आणि कोणीच जवळ नसताना पुन्हा सरकू लागली. सुपरवायझरांनी एसीकडे पाहिलं, मग दाराकडे. दोन्ही बंद होते. "असं होत नाही हो," ते हळूच म्हणाले. ती टेबलाजवळच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती. "अहो," घरात बोलावं तशी ती म्हणाली, "झालंय तुमचं काम. उठा बघू आता." रेघ थांबली. फिल्टर पास झाला. त्या खोलीत आम्ही तिघं होतो, एवढं साधं वाक्य लिहिताना आजही माझा हात अडतो.