डॉक्टर गप्प झाले तेव्हा
काल जावेसोबत सोनोग्राफीला गेले आणि 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही' ही पाटी दिसताच सोनोग्राफीआधी पोटाला लावतात त्या जेलचा गारठा पुन्हा माझ्याच पोटाला लागला. माझ्या वेळी मला पाचवा महिना होता, आणि सासूबाई मला मारेगावहून एसटीने यवतमाळला घेऊन आल्या होत्या. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर एकाच जागी यंत्र फिरवत राहिले, मग बोलेनासे झाले आणि स्क्रीन त्यांनी स्वतःकडे वळवून घेतला. सासूबाईंना वाटलं, कायद्यामुळे बिचाऱ्यांना सांगता येत नसेल. "पोरगी असली तरी चालते आमाले, साहेब," त्या हसून म्हणाल्या, "तुमी कायले भेता?" डॉक्टर हसले नाहीत. बाळाच्या हृदयाची डावी बाजू वाढलीच नाही, ते हळू म्हणाले; जन्मल्यावर एकामागून एक ऑपरेशनं करावी लागतील, तरी जगेलच असं नाही; ठेवायचं की नाही ते तुम्ही नवराबायकोनं ठरवा, पण लवकर. "नीट पाहा न एकडाव," सासूबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं, आणि यंत्रातून ठोके ऐकू आले, भरभर, अगदी धडधाकट वाटणारे. "ठेवलं तर त्याले जास्त दुखन, का नाही ठेवलं तर?" मी डॉक्टरांना विचारलं. आम्ही नाही ठेवलं. काल जावेच्या पोटावरचं यंत्र मध्येच थांबलं, तर मी ओरडलेच, "बोला न काही!" डॉक्टरीणबाई नुसता चष्मा पुसत होत्या.