कुलूप परदेशी पाठवताना

आमच्या महाडात माणूस आधी स्टॅम्प पेपर विकत घेतो आणि मग वकिलाला विचारतो, यावर काय लिहायचं. तीही तशीच माझ्याकडे आली, कोरा स्टॅम्प पेपर आणि एक फ्लॉपी घेऊन. आयटी कायदा नुकताच आला होता आणि कोर्टातल्या आम्हा कुणालाच तो धड ठाऊक नव्हता.

ती जवळच्या तुडील गावची. नवरा आखातात नोकरीला. घराचा ईमेल पत्ता एकच. नवऱ्याचं पत्र सायबर कॅफेत यायचं, दीर ते छापून आणायचा आणि जेवताना घरादाराला वाचून दाखवायचा. उत्तरही तोच टाइप करायचा. शिवणाच्या क्लासचं नाव सांगून हिने कॉम्प्युटरचा क्लास लावला. तिथे शिकवणाऱ्या बाईंनी मजकुराला कुलूप घालणारं, म्हणजे किल्ली नसलेल्याला तो वाचता येऊ नये असं, सॉफ्टवेअर फ्लॉपीवर दिलं. ते नवऱ्याकडेही हवं, म्हणजे इंटरनेटवरून पाठवणं आलं. पण असली कुलपं देशाबाहेर धाडणं काही सरकारं शस्त्रं धाडण्यासारखंच धरतात, आधी वकिलाला विचार, असं बाईंनीच बजावलं होतं.

मी जमेल तिथे विचारलं. कस्टममधले ओळखीचे साहेब म्हणाले, "खोका कुठाय? खोका नाही तर निर्यात कसली?" अलिबागचे एक ज्येष्ठ वकील म्हणाले, इकडे बहुधा चालेल, तिकडचं देव जाणे. बांधाच्या भांडणांत आणि सातबाऱ्यांत आधीच पिचलेला मी, या प्रश्नाने पार थकलो. सरळ बंदी असती तर निदान नाही म्हणून मोकळा झालो असतो.

"तिकडे पकडलं तर नवऱ्याची नोकरी जाऊ शकते," ती पुन्हा आली तेव्हा मी तिला सांगितलं.

"मग लिवून द्या की, घरच्या बोलण्यापुरतंच हाय म्हणून." तिने स्टॅम्प पेपर पुढे सरकवला.

महाडच्या प्रतिज्ञापत्राला आखातात कोण विचारतो, हे समजावायचंही त्राण नव्हतं. मी एवढंच म्हणालो, "तुमची ओळख पटवायला कुणीतरी लागेल. त्याच्यासमोर सगळं वाचून दाखवावं लागतं."

"दीर हायत की," ती म्हणाली. मग तिने फ्लॉपी उचलून पिशवीत टाकली.

उठताना तिने विचारलं, "आणि कुलूप न लावता लिवलं तर कायद्याची हरकत नाय ना?"

"मुळीच नाही. काय वाटेल ते लिहा."

"मुलीला घेऊन वेगळं ऱ्हायचंय, एवढंच लिवायचंय, वकीलसाहेब," ती म्हणाली. "त्यावर त्यांचं उत्तर दीर जेवताना वाचून दाखवतील."