कुणी न दिलेला पत्ता

न विचारता चालू झालेली कुठलीच गोष्ट मला खपत नाही. शाहूपुरीत आम्ही दोघा मित्रांनी मिळून सायबर कॅफे चालवला, तेव्हाही नवा कॉम्प्युटर आला की आधी त्यातलं नको ते बंद करायला मी बसायचो. दोन हजारच्या दशकाच्या शेवटी शेवटी आलेल्या सिस्टीममध्ये इंटरनेटच्या पत्त्यांची नवी पद्धत कुणी न मागता चालूच असायची. आमची जुनी पद्धत सरळ होती. प्रत्येक मशीनला आम्ही हातानं नंबर द्यायचो, आणि नंबर काढला की ते बाकीच्यांना दिसेनासं व्हायचं. नव्या पद्धतीत मशीन स्वतःच स्वतःला पत्ता देतं. मी ती बंद करायला निघालो, तर भागीदार म्हणाला, असू दे की, काय खायला मागतीय काय? कोडोलीचा गडी, त्याला सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी नाद सोडला.

पुढच्याच वर्षी तो हृदयविकारानं गेला. चाळिशीही गाठली नव्हती. त्याचं मशीन विकू नका, एवढंच वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, मागितलं. गिऱ्हाइकं त्यात डोकावू नयेत म्हणून मी त्याचा नंबर काढून टाकला. मुख्य बटण दाबलं की सगळ्यांबरोबर तेही सुरू व्हायचं आणि दिवसभर आतल्या खोलीत एकटंच घुमत राहायचं.

एका दुपारी कोपऱ्यावरच्या टेलरची सून आली. तिचा नवरा आखातात. ठरल्या वेळी ती इथून त्याच्याशी बोलायची. तो ऑनलाइन यायला अवकाश होता म्हणून तिनं कॅफेतल्या सगळ्या मशीनवरची गाणी एकत्र दाखवणारी यादी उघडली. थोड्या वेळानं हेडफोन काढून ती माझ्याकडे आली. चेहरा उतरलेला. आत कोण माणूस बोलतोय, असं विचारायला लागली. मी हेडफोन कानाला लावला.

"ऐकू येतंय न्हवं? मी हितंच हाय."

आवाज भागीदाराचा होता. माइक चालतोय का बघायला तो रोज सकाळी स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करायचा, त्यातलंच हे एक. नंबर काढलेलं त्याचं मशीन त्या नव्या पत्त्याच्या वाटेनं बाकीच्यांना दिसत होतं, आणि त्यातले आवाज सगळ्यांच्या गाण्यांच्या यादीत येऊन बसले होते. कारण कळलं, पण भीती गेली नाही. त्या दिवशी आतल्या खोलीकडे पाठ करून बसायचं धाडस मला झालं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींना बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकलं. मी म्हणालो, ही वाट बंद करतो, परक्याच्या कानात असा आवाज पडणं बरं नव्हे. तुम्हाला सगळं सीडीवर घालून देतो, घरी हवं तेव्हा ऐका. माझं म्हणणं चूक नव्हतं, आजही नाही. घरच्यांना न विचारता दार उघडं ठेवण्यात कुणाचं भलं आहे, हे मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

वहिनींनी हेडफोन काढला नाही.

"ऱ्हाऊ द्या, भाऊजी," त्या म्हणाल्या. "सीडी मी लावीन तवाच बोलणार. हितं ते आपणहून बोलल्यात."